सिव्हिलला भोंगा नाही

आज १० ऑक्टोबर. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. भैय्या चौकातल्या स्मारकात हार पडतील, भाषणं होतील, फोटो निघतील. गेली कित्येक वर्षं ही बातमी मीही देतोय. वीस ओळी, एक फोटो, 'मान्यवरांची उपस्थिती'. जागा उरली तर भाषणातलं एखादं वाक्य.

त्या भाषणात एक गोष्ट हमखास असते. १९४० साली चीनच्या आघाडीवर आपल्या सोलापूरच्या या डॉक्टरने सलग ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. टाळ्या पडतात. मग वक्ता समोर बसवलेल्या मेडिकलच्या पोरापोरींकडे हात करून म्हणतो, "हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवा."

गोष्ट तिथंच थांबते. पुढचं कुणी सांगत नाही. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२. मुलगा अजून रांगतही नव्हता. भारतातून पाच डॉक्टर गेले होते, चार परत आले. आपला आला नाही. अपस्माराचे झटके हे मृत्यूचं कारण, पण तिथल्या अखंड कष्टांनी तब्येत आधीच पोखरली होती.

तिथं युद्ध चालू होतं. कोटणीस स्वतःहून गेले होते, स्वतःहून राहिले होते. त्यांच्यापुढे मी कायम मान झुकवेन. पण सोलापूरकरांनो, एक सांगा. २०२५ मध्ये आपल्याकडे कुठलं युद्ध चालू आहे, की चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांकडून आपण शांततेच्या काळातही तेच मागतोय?

आणि आजच जागतिक मानसिक आरोग्य दिनसुद्धा आहे. आपल्या शहरात हे दोन कार्यक्रम वेगवेगळ्या सभागृहांत होतात. एकीकडे 'न झोपता काम करा', दुसरीकडे 'मनाची काळजी घ्या'. श्रोते तेच. मेडिकलची पोरं.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वडिलांना पहाटे एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. केसपेपर लिहिणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. प्रश्न विचारता विचारता तिचे डोळे मिटले आणि पेन कागदावरून घसरत खाली गेलं. मी भडकलो. आवाज चढवला. "पगार कशाचा घेता तुम्ही?" वगैरे. पत्रकार असल्याचंही सांगितलं, लाज वाटते आता. ती उलट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "काका, परवा सकाळपासून इथंच आहे. परत सांगता का, बीपीची गोळी कुठली चालू आहे?"

वडील बरे होऊन घरी आले. ती मुलगी कुठं आहे मला माहीत नाही. तिच्या त्या 'परवा सकाळपासून'ची बातमी मी तेव्हा केली नाही. ती आज लिहितोय.

ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस. त्यानंतर पुन्हा नीट देऊन तीन वर्षं एमडी किंवा एमएस. या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्याला म्हणायचं निवासी डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट. तो विद्यार्थी पण आणि कामगार पण. कॉलेजच्या हजेरीत विद्यार्थी, वॉर्डात कामगार, आणि नातेवाईक अंगावर धावून आले की एकदम 'सरकारी डॉक्टर'. रात्री दोन वाजता सरकारी रुग्णालयात आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा हाच. मोठे डॉक्टर सकाळी राउंडला येतात.

आता आकडे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कॉलेजांकडून मागवलेली माहिती बाहेर आली. पाच वर्षांत देशात १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जीवन संपवलं. ६४ एमबीबीएसचे, ५८ पदव्युत्तर. याच काळात १,२७० जण शिक्षण सोडून गेले, त्यातले १,११७ पदव्युत्तर. लाखोंच्या स्पर्धेतून मिळवलेली, आईबापांनी नवस करून मागितलेली सीट हजारावर पोरांनी टाकून दिली. कुणी गंमत म्हणून टाकत नाही राव.

मग आयोगाने एक कृतिदल नेमलं. बंगळुरूच्या निम्हान्समधले मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुरेश बडा मठ त्याचे अध्यक्ष. २०२४ मध्ये अहवाल आला. सर्वेक्षणात एमबीबीएसचे २५,५९० आणि पदव्युत्तर ५,३३७ विद्यार्थी होते. एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की त्यांना मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे. पदव्युत्तरपैकी ३१ टक्क्यांच्या मनात आयुष्य संपवण्याचा विचार येऊन गेला होता. सर्वेक्षण ऑनलाइन होतं, ज्यांनी स्वतःहून भरलं त्यांचं. त्यामुळे एखाद-दुसऱ्या टक्क्यावर मी भांडणार नाही. पण निम्मे आकडे खोटे धरले तरी जे उरतं त्याने झोप उडायला हवी.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ५६ टक्क्यांना आठवड्याची सुट्टी मिळत नाही.

आता हे सोलापुरात बसून वाचा. हे गिरण्यांचं गाव. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. आपल्यातल्या किती जणांचे आजोबा भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर घरी आले. गिरणीत पिळवणूक कमी नव्हती, पण भोंगा होता. तो वाजला की मालकालाही कळायचं आणि बायकोलाही कळायचं, की माणसाची पाळी संपली. गिरणी कामगाराची रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये मिळवून दिली. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. १८९० मध्ये यंत्रावरच्या माणसाला जे मिळालं ते २०२४ मध्ये ऑपरेशन थिएटरमधल्या निम्म्याहून जास्त पोरांना मिळत नाही. गिरणीला भोंगा होता. सिव्हिलला नाही. पाळी सुरू कधी झाली ते सगळ्यांना माहीत असतं, संपली कधी ते कुणी सांगत नाही.

बरं, कायदेच नाहीत असं समजू नका. कागद भरपूर आहेत.

५ जून १९९२ चं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र आहे. निवासी डॉक्टरने साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम करू नये. गंमत बघा, जगाने मानसिक आरोग्य दिन पाळायला सुरुवात केली तेसुद्धा १९९२ च. पत्राला ३३ वर्षं झाली. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज स्वतः वॉर्ड सांभाळतायत. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमात शब्द आला 'वाजवी' तास आणि 'वाजवी' विश्रांती. वाजवी म्हणजे किती? ते ठरवणार कोण? जो काम लावतो तोच. मग २०२४ मध्ये कृतिदलाने आकडा सुचवला. आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, सलग २४ तासांहून जास्त नाही, आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे ३२ वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि याला सुधारणा म्हणायची वेळ आलीये.

आणि तेही मोजतंय कोण? एसटीच्या चालकाची ड्युटी किती वाजता लागली आणि किती वाजता संपली याची नोंद डेपोत असते. दमलेला चालक पन्नास माणसं घेऊन दरीत जाऊ शकतो हे आपल्याला पटतं. दमलेला डॉक्टर चुकीचं इंजेक्शन देऊ शकतो हे का पटत नाही?

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा अभ्यास छापला. जागरण झालेल्या माणसाचा हात आणि मेंदू किती मंदावतो, याची त्यांनी दारू प्यायलेल्या माणसाशी तुलना केली. सलग २४ तास जागा असलेला माणूस रक्तात सुमारे ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सात रस्त्यावर ज्याला पोलिसांनी खाली उतरवून फुंकायला लावलं असतं, त्याहून बिकट अवस्थेतल्या माणसाच्या हातात आपण आपली आई देतो. वर म्हणतो, नीट बघा हं डॉक्टर.

इथं आम्हा पत्रकारांचा हिशोब. एखाद्या वसतिगृहात अशी घटना घडली की आमची बातमी तयार असते. 'नैराश्यातून टोकाचं पाऊल'. चार शब्दांत प्रकरण मिटतं. नैराश्य कुठून आलं, कुणी विचारत नाही. जणू पावसाळ्यात सर्दी होते तसं ते आपोआप झालं. या शब्दाने सगळ्यांची सोय होते. कॉलेजची, पोलिसांची, आमची. दोष सगळा गेलेल्या पोराच्या मनावर टाकायचा, वेळापत्रकाकडे कुणी बघायचंच नाही. प्रत्येक घटनेमागे एकच कारण असतं असं मी म्हणत नाही. मन इतकं सोपं नसतं. पण एकही कारण न शोधता 'नैराश्य' लिहिणं म्हणजे अपघाताच्या बातमीत 'गाडी धडकल्यामुळे' एवढंच लिहिणं.

डॉ. पायल तडवी आठवतेय? जळगावची आदिवासी कुटुंबातली मुलगी, मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने जीवन संपवलं. आई आबेदा तडवी 'कामाचा ताण' या शब्दावर गप्प बसल्या नाहीत. जातीवरून छळ होत होता, आम्ही आधीच तोंडी तक्रार केली होती, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. पण एका आईने हट्ट धरला नसता तर? तीसुद्धा चार शब्दांची बातमी झाली असती. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कायद्याने पायलच्या दारावर टकटक केली नाही, कारण तक्रार ज्यांच्याकडे करायची त्यांच्याच हातात सही, सुट्टी, शस्त्रक्रिया शिकायची संधी आणि परीक्षा. अशा माणसाविरुद्ध कोण तोंड उघडेल?

आपल्या गावाचंही बोलू. यंदा १८ एप्रिलला डॉ. शिरीष वळसंगकर गेले. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून ज्यांचं नाव कर्नाटकापर्यंत होतं, त्यांनी स्वतःला संपवलं. गाव हादरलं. ते प्रकरण न्यायालयात आहे, कारणांवर मी बोलणार नाही. पण त्यानंतरचे दोन महिने चहाच्या टपऱ्यांवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय चाललं होतं ते मी ऐकलंय. कोण, कुणामुळे, कशासाठी. एकदाही कुणी विचारलं नाही की या गावात डॉक्टरला रडायचं असेल तर तो कुठं जातो? विद्यार्थी सीनिअरकडे बघून शिकतो. सीनिअरने मदत मागितलेली त्याने कधी पाहिलीच नसेल, तर तो तरी कशी मागणार?

आता नेहमीचे तीन युक्तिवाद. पोस्ट टाकली की हे येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

पहिला, "आमच्या वेळी आम्ही ३६-३६ तास केलं, काही झालं नाही." सर, तुम्हाला काही झालं नाही म्हणून तुम्ही हे सांगायला इथं आहात. ज्यांना झालं ते सोडून गेले, काही जगातून गेले, त्यांची बाजू मांडायला इथं कुणी नाही. आणि काही झालं नाही हे तरी खरं का? घरी जाऊन वहिनींना विचारा.

दुसरा, "तास कमी केले तर शिकणार कसे?" शिकण्याचे तास कमी करा असं कुणीच म्हणत नाही. रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवणं, रिपोर्टसाठी खिडकीवर उभं राहणं, स्ट्रेचर ढकलणं, योजनेचे फॉर्म भरणं, यात कुठली शस्त्रक्रिया शिकायला मिळते? शिपायाची, तंत्रज्ञाची, कारकुनाची पदं भरा. शिकायला वेळ आपोआप निघेल.

तिसरा युक्तिवाद खरा आहे, म्हणून अवघड आहे. "रुग्ण जास्त, डॉक्टर कमी, पोरं घरी गेली तर रुग्ण कोण बघणार?" सोलापूरच्या सिव्हिलला फक्त आपला जिल्हा येत नाही. धाराशिवकडून येतात, कलबुर्गी-विजयपूरकडून येतात. गरिबाला दुसरं दार नाही, हे मला माहीत आहे. पण या प्रश्नाचं उत्तर भरती आहे. रिकाम्या पदाच्या जागी एका पोराची झोप भरायची आणि सरकारचा पैसा वाचवायचा, याला सेवा म्हणत नाहीत. गरिबाच्या नावाने चाललेली ही बिनपैशाची भरपाई आहे, आणि दमलेल्या डॉक्टरच्या चुकीची किंमत शेवटी तोच गरीब मोजतो.

हे बदलता येतं का? येतं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी तापाने रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिला बघणारे निवासी डॉक्टर प्रदीर्घ पाळीवर होते, डोक्यावर डझनावारी रुग्ण. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते. सुरुवातीला ते डॉक्टरांवर संतापले. मग त्यांना कळलं की दमलेल्या पोरांना असं राबवणारी व्यवस्थाच मूळ आरोपी आहे. त्यांनी लेखणी सोडली नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला, आठवड्याला ८० तास, सलग २४. २००३ मध्ये तो अमेरिकाभर लागू झाला. ८० तास काही आदर्श नाहीत. पण तिथं ते मोजले जातात, आणि न पाळणाऱ्या संस्थेची मान्यता धोक्यात येते. आपल्याकडचा ७४ चा आकडा दिसायला त्याहून चांगला. फक्त मोजत कुणी नाही.

एका मेलेल्या मुलीचा बाप पत्रकार होता म्हणून तिथं हे झालं. मी ते वाचतो तेव्हा पहाटे चढवलेला माझा आवाज मला ऐकू येतो.

म्हणून मागणी करतोय. योगशिबिर नको, 'ताणमुक्तीचे सात मंत्र' व्याख्यान नको. झोपेला आचवलेल्या पोराला प्राणायाम शिकवणं म्हणजे उपाशी माणसाला पचनावर प्रवचन देणं. मागण्या चारच.

एक. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने प्रत्येक विभागातल्या निवासी डॉक्टरांचे प्रत्यक्ष कामाचे तास दर महिन्याला जाहीर करावेत. नावं नकोत, फक्त तास आणि साप्ताहिक सुट्ट्या. सगळं नियमात असेल तर जाहीर करायला अडचण नसावी. नसेल तर गावाला कळू द्या, गाव मंत्रालयाशी भांडेल. कुंभारीच्या अश्विनी महाविद्यालयालाही हीच विनंती. मी माहितीच्या अधिकारातही विचारणार आहे.

दोन. समुपदेशक हवा, आणि तो परीक्षा घेणाऱ्या साखळीबाहेरचा हवा. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे. मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग असतो म्हणून तेवढ्यावर भागवू नका. ज्या सरांकडे उद्या तोंडी परीक्षा आहे त्यांच्यासमोर आज कोण रडणार?

तीन. आमदार-खासदारांनो, उद्घाटनाची फीत कापताना एकदा रिक्त पदांचा आकडा विचारा. नवीन इमारतीचा फोटो छान येतो, पण इमारत नाईट ड्युटी करत नाही.

चार. ही आपली. नीटचा निकाल लागला की चौकात डिजिटल लागतं, 'भावी डॉक्टर' म्हणून पेढे वाटतो. तोच मुलगा दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाला "आई, जमत नाहीये", तर आपण म्हणतो, "एवढा पैसा घातलाय, आता लोक काय म्हणतील?" त्या फोनवर फक्त एवढं म्हणा, "ये घरी. बोलू." आणि वॉर्डात आवाज चढवण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारा, "डॉक्टर, कधीपासून जागे आहात?" उत्तर आलं की तक्रार अधीक्षकांकडे लिहून द्या. डॉक्टरच्या विरुद्ध नाही, तासांच्या विरुद्ध.

मेडिकलमधल्या पोरांनो, पोरींनो, हे तुमच्यापैकी कुणी रात्री एकटं बसून वाचत असेल तर ऐका. तुम्ही कमकुवत नाही आहात. दमलेले आहात, आणि हे दोन वेगळे शब्द आहेत. सीट सोडली, वर्ष गेलं, तरी माणूस उरतो. फार जड वाटत असेल तर आत्ता फोन करा, टेली-मानस १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं. किंवा मित्राचं दार वाजवा. कितीही वाजले असू द्या.

आणि तुमच्या ड्युटीचे खरे तास मला कळवा. नाव कुठंही येणार नाही, हा शब्द आहे.

संध्याकाळी स्मारकात मीही जाणार आहे, हार घालणार आहे. फक्त यंदा बातमीत ७२ तासांच्या शेजारी आणखी एक आकडा लिहीन. ३२. त्यांचं वय.